तिसरा रकाना

आमचं घर पाटाच्या चौकीला लागून होतं. वडील पाटकरी होते. पाण्याच्या पाळीच्या दिवशी पाटाचं दार उघडायचं आणि ज्याच्या त्याच्या उसाला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. आई नर्स. नगरच्या मिशनच्या दवाखान्यात ती बाळंतपणाचं काम शिकली होती आणि आमच्या गावावर, भोवतालच्या वस्त्यांवर तिची नेमणूक होती. राहुरीचा बाजार तिथून बैलगाडीनं दोन तासांवर. घरातला सकाळचा पहिला आवाज म्हणजे पातेल्यात उकळणाऱ्या कात्रीचा आणि चिमट्यांचा खडखडाट. बोलावणं असो नसो, आई रोज ती हत्यारं उकळायची, स्वच्छ फडक्यावर वाळवायची आणि काळ्या पिशवीत भरून ठेवायची. मग त्याच चुलीवर चहाचं आधण चढायचं. सगळ्यांच्याच घरी चहाआधी कात्र्या उकळतात अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. थंडीच्या दिवसांत आई हुलग्याचं शेंगोळं करायची. लसणाच्या त्या वासानं वडील पाटावरून वेळेवर घरी येत. एरवी त्यांना हाका मारून बोलवावं लागे. आता सावेडीच्या या फ्लॅटात सूनबाई मला कौतुकानं शेंगोळं करून घालते. चांगलं होतं, पण हुलग्याचं पीठ दुकानातलं, त्यामुळे माझी कुरकुर चालू राहते.

गावात आईला सगळे 'नर्सबाई' म्हणत. तोंडावर मान असे. पण ती पिशवी घेऊन रस्त्यानं निघाली की दिवस भरलेल्या बायका उठून घरात जात आणि दार लोटून घेत. पाटावर धुणं धुताना मी ते बोलणं ऐकलेलं होतं: नर्सबाईच्या हाताला यश न्हाई, ती ज्या घरात जाते तिथं मूल दगावतं. बायका हे कुचेष्टेनं बोलत नसत. अमक्या विहिरीचं पाणी मचूळ आहे असं सांगावं, तशा सांगत.

आता या वयात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहून टाकते. मलाही ते खरं वाटत होतं. मी बारा-तेरा वर्षांची, सहावीत. आई एखाद्या घरून परतायची, अंगणातल्या दगडावर बसून कोपरापर्यंत हात धुवायची, आणि तिच्या गप्प बसण्यावरून मला कळायचं की हेही गेलं. असं इतक्या वेळा झालं होतं की मी तिच्या पिशवीला हात लावणं सोडलं होतं. 'पिशवी आण गं' म्हणाली की मी काहीतरी निमित्त काढून तिथून सटकायची. आई मला आवडायची आणि तिच्या पिशवीची मला भीती वाटायची. या दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखानं नांदत होत्या.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर नगरहून पत्र आलं. नाताळानंतर आईनं राजूरकडे कामाला जावं, इथं दुसरी बाई मिळेपर्यंत जागा रिकामी राहील. राजूर म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगरातलं. वडिलांची नोकरी पाटावरची, त्यांना इथंच राहणं भाग. म्हणजे घराचे दोन तुकडे. मी आईबरोबर जायचं आणि शाळा तिथं मिळेल तेवढी शिकायची. गावानं तक्रार केली असणार असं मी गृहीत धरलं. वडील पत्र वाचून सायकल पुसत बसले. आईनं पत्राची घडी करून ते पिशवीत ठेवलं.

आमच्या शाळेत सहावी आणि सातवीला मिळून एकच मास्तर होते, शेख मास्तर. उंच, काटकुळे, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. गावातल्या मशिदीमागच्या खोलीत एकटे राहत आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येत. शेवटच्या तासाला ते जे शिकवत त्याला पुस्तकात नाव नव्हतं. आम्ही त्याला 'कारणाचा तास' म्हणायचो. त्यांचं म्हणणं असं, की दोन गोष्टी सोबत येतात तेव्हा माणूस आळशीपणानं एकीला दुसरीचं कारण ठरवून मोकळा होतो. "सोबत वेगळी, कारण वेगळं," ते म्हणत. "सोबत डोळ्यांना दिसते. कारण शोधावं लागतं, आणि शोधायला तुम्हाला कंटाळा येतो."

एकदा त्यांनी विचारलं, पाटाला पाणी कशानं येतं? मुलांनी माझ्याकडे बघत सांगितलं, पाटकऱ्याची सायकल आली की पाणी येतं. हे खोटं नव्हतं. वडिलांची सायकल दिसली की पोरं ओरडत पाटाकडे धावायची आणि घटकाभरात पाणी यायचं. एकदाही चुकलेलं नव्हतं. मास्तर म्हणाले, ठीक आहे. पाळी नव्हती अशा एका दुपारी त्यांनी वडिलांची सायकल मागून घेतली, सगळ्या वर्गाला पाटाच्या कडेला बसवलं आणि स्वतः घंटी वाजवत भरावावरून निघाले. त्यांना सायकल धड येत नव्हती. परतताना ते बाभळीच्या काट्यात गेले, पण उठून पुन्हा बसले आणि पुन्हा एक फेरी मारली. आम्ही कोरड्या पाटाकडे बघत बसलो होतो. "आलं पाणी?" त्यांनी हाताचे काटे काढत विचारलं. "सायकल कारण असती तर आलं असतं. ती सोबत आहे. आता सांगा, कारण कुठं आहे?" मागून एकजण म्हणाला, पाटकऱ्याच्या कमरंला चावी असती, त्या चावीत. त्या दिवशी मास्तरांनी त्याला स्वतःची पेन्सिल दिली.

मग कोयनेलचं, म्हणजे हिवतापाच्या औषधाचं, उदाहरण. आमच्याकडे पाटामुळे डास फार आणि हिवतापही फार. ज्या घरात कोयनेलची बाटली, त्या घरात हिवताप. मग बाटल्या फोडून टाकाव्यात का? मुलं हसली. मास्तर म्हणाले, हसू नका, याच चालीवर तुम्ही रोज बोलता. उद्या प्रत्येकानं घरून सोबत चालणारी एक जोडी घेऊन यायची.

दुसऱ्या दिवशी कोणी मांजर आणलं, कोणी उजवा डोळा फडफडणं आणलं. वत्सला माझ्याच बाकावर बसायची. त्यांचा मळा गावातला सगळ्यांत मोठा. ती उभी राहिली आणि पाठ केलेली कविता म्हणावी तशी म्हणाली, "नर्सबाई ज्या घरात जाती, त्या घरात मूल दगावतं." मग तिला मी शेजारी असल्याचं आठवलं असावं, कारण ती एकदम खाली बसली. वर्गात कोणी हसलं नाही. मास्तर रागावतील, विषय मिटवतील, असं मला वाटलं, आणि तसंच व्हावं असंही वाटलं. त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं.

"ही खरी जोडी आहे," ते म्हणाले. "पण कोणी मोजली आहे का?"

मोजायचं काम आम्हा तिघी मुलींवर आलं, कारण असल्या गोष्टी मुलांना कोणी सांगितल्या नसत्या. कागदाची टंचाई होती, युद्ध चाललेलं. वडिलांचे पाणीमागणीचे जुने फॉर्म आम्ही पाठकोरे वापरले. दोन रकाने: नर्सबाई आली का, आणि मूल राहिलं का. काही घरी आम्हाला हाकलून दिलं. खरी माहिती मिळाली ती गंगूआजीकडून. ती गावची जुनी सुईण. गावातला प्रत्येक जीव तिच्या हातावर आलेला, आणि तिच्या डोक्यात सगळं बिनचूक लिहून ठेवल्यासारखं. तारखा नव्हत्या, पण 'ऊस तुटत हुता तवा', 'जत्रंच्या आदल्या बाजारी', असं ती घडाघडा सांगायची. दोन वर्षांतली बाळंतपणं आम्ही उतरवली. बेरीज केल्यावर दिसलं की आई न गेलेल्या घरांत बहुतेक मुलं राहिली होती. आई गेली होती सात घरी, आणि पाच मुलं गेली होती.

मी तो कागद मास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन खाली मान घालून बसले. मला मास्तरांचा राग आला होता. मोजलं नसतं तर निदान ती अफवा राहिली असती. मास्तरांनी कागद वरून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला.

"आता हे विचारून या," ते म्हणाले. "कळा कधी सुरू झाल्या आणि नर्सबाईला कधी बोलावलं?"

याचं उत्तर खरं तर सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते कोणाच्या ध्यानात येत नव्हतं. आम्ही ख्रिस्ती, म्हणजे गावाच्या लेखी बाटलेले. आई बाळंतिणीच्या खोलीत गेली की नंतर ती सगळी खोली पुन्हा सारवावी लागे, आतली मडकी टाकून नवी आणावी लागत, सासूला डोक्यावरून अंघोळ. एवढा खटाटोप उगाच कोण करणार? म्हणून रीतच पडली होती: आधी गंगूआजी, मग देवाला कौल, मग अंगारा, आणि गंगूआजीनं हात टेकले की मग 'जा रे, नर्सबाईला आन'. सातही घरी तिसऱ्या रकान्यात जवळजवळ एकच मजकूर आला. कळा आदल्या दिवशी दिवस कासराभर वर आला तेव्हा, बोलावणं दुसऱ्या दिवशी दुपारी. एका घरी तिसऱ्या दिवशी. मास्तरांनी आम्हाला आणखी एक गोष्ट शोधायला लावली. बाई दीड दिवस अडूनही आईला बोलावलंच नव्हतं अशी चार घरं निघाली. त्यांतलं एकही मूल राहिलं नव्हतं, एका घरी आईही गेली होती.

म्हणजे मूल दगावायला आलेलं असायचं, म्हणून आई तिथं जायची. आम्ही उलटं धरून बसलो होतो. वत्सलानं ते फळ्यावर बघितलं आणि हलकेच म्हणाली, "कोयनेलची बाटली." तिच्या वहिनीचं पहिलं मूल गेल्या वर्षी गेलं होतं. वहिनीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं, आणि माझ्या आईला दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. आता वहिनीला पुन्हा दिवस भरत आले होते आणि यंदा नर्सबाईला अजिबात बोलवायचं नाही, असं वत्सलाच्या आजीनं ठरवून टाकलं होतं.

मी पुढं तीस वर्षं शाळेत शिकवलं. कागदावर समजणं आणि पोटात उतरणं यांत किती अंतर असतं ते मला चांगलं माहीत आहे. आमच्या शेजारच्या बाई सर्दीला एक काढा घेतात आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सगळ्या सोसायटीला वाटतात. काढा न घेताही सर्दी तिसऱ्या दिवशी उतरते, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. आता त्या मला काढा देत नाहीत, एवढाच फरक पडला. तेव्हा माझंही असंच होतं. कागद घरी आणला, पण आईला दाखवला नाही. दाखवायचा तर मला काय वाटत होतं तेही सांगावं लागलं असतं.

आठवड्याच्या आत एका सकाळी, आई भाकऱ्या थापत असताना, वत्सला मळ्यातून पळत आली. पायात चपला नव्हत्या.

"बाई, चला. वयनीला कळा सुरू झाल्यात. आत्ताच, दिवस उगवताना."

"तुला कोणी पाठवलं?" आईनं विचारलं.

"कोनी न्हाई. मीच आले."

आईनं परात बाजूला सारली, पण उठली नाही. "घरी जा बाळ," ती म्हणाली. "मी नाही येत. मी आले की काय होतं ते तुमच्या घरानं बघितलंय."

वत्सला माझ्याकडे बघत राहिली. आई असं का म्हणते ते मला आधी कळलंच नाही. मग आई माझ्याकडे वळून, हाताचं पीठ झाडत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नगरला मीच लिहिलं होतं. म्हटलं, इथं दुसरी कोणी पाठवा. माझ्या हाताला यश नाही."

इतके दिवस मी त्या पत्रासाठी गावाला दोष देत होते. जिनं हे काम शिकून घेतलं, जी रोज सकाळी कात्र्या उकळत होती, तीसुद्धा तेच धरून बसली होती. मला रडू आलं. मी दप्तरातून कागद काढून तिच्यापुढं धरला. "आई, मलाही तसंच वाटायचं," मी म्हणाले. "पण तसं नाहीये. तिसरा रकाना वाच."

आईला वाचायला वेळ लागला. पिठाच्या बोटानं ती एकेक घर खाली खाली जात होती. प्रत्येक घर तिला आठवत असणार. शेवटाला आली, पुन्हा वरून वाचू लागली. वत्सला अधीरपणे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. "हे शेख मास्तरांनी करवून घेतलं?" आईनं विचारलं. मी मान डोलावली. ती उठली, हात धुतले. तिनं पदर खोचला तोवर पिशवी मी उचलली होती. ती मला वाटली होती त्याहून हलकी होती. आईनं ते पाहिलं आणि ती पुढं चालू लागली.

मळ्यातल्या घराच्या दारात वत्सलाची आजी उभी होती. "हिला कोनी बोलावलं?"

"मी," वत्सला म्हणाली.

"अजून कायबी अडलेलं न्हाई. अडल्यावर बघू."

"अडल्यावरच बोलावता, म्हनून तर..." एवढंच वत्सलाला बोलता आलं. ती आजीच्या पुढ्यात उभी राहून रडायला लागली, पण वाटेतून हलली नाही.

आतून गंगूआजी बाहेर आली. लुगड्याला हात पुसत तिनं आईकडे बघितलं, मग म्हातारीकडे. "येऊ द्या तिला."

"आगं, पर खोली सारवाया लागंल. मडकी..."

"मडकी मी आनून देते," गंगूआजी म्हणाली. "ह्या पोरींनी मला इचारलं तवा मी समदं सांगितलं. आता तुमाला बी सांगते. बाई माझ्या हातात अडायची, मी हात टेकले की हिला बोलवायचं, आन् मूल गेलं की नाव हिचं व्हायचं. मला ठावं हुतं. मी गप बसले. आज मी अजून दमले न्हाई, तवर येऊ द्या तिला."

गावात गंगूआजीचा शब्द खाली पडत नसे. तो मान तिनं त्या ओसरीवर आपल्या हातानं कमी करून घेतला, आणि हे मला तेव्हा नीट कळलं नाही. वत्सलाची आजी बाजूला झाली.

वत्सला आणि मी ओसरीवर बसून राहिलो. शाळा बुडाली. मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं, काकवीचा वास येत होता, आतून कधी वहिनीचा आवाज, कधी आईचा, कधी दोघींचा. दुपारी मूल रडल्याचं ऐकू आलं. मुलगी झाली होती. परत येताना आई म्हणाली, "पायाकडून आली. उद्या बोलावलं असतं तर मला काही करता आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर मुलांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, नर्सबाई आली की मूल वाचतं. मास्तर आले, त्यांनी ते वाचलं आणि डस्टरनं पुसून टाकलं. "एक घर म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. "मोजत राहा." मला त्यांचा भयंकर राग आला. एक दिवस, निदान एक दिवस माझ्या आईचं नाव त्या फळ्यावर राहायला हवं होतं. त्यांचं बरोबर होतं हे मला आज पटतं, पण तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आईनं नगरला पुन्हा पत्र लिहिलं आणि ती राजूरला गेली नाही. सारवण आणि मडकी पुढंही बरीच वर्षं चालू होती, फक्त बोलावणं लवकर येऊ लागलं, आणि पुष्कळदा ते घेऊन गंगूआजीच यायची. आम्ही सातवीतही रकाने भरत राहिलो. बहुतेक मुलं राहिली. उन्हाळ्यात एक गेलं. त्या घरी आईला पहाटेच बोलावलं होतं, तिनं आणि गंगूआजीनं मिळून दुपारपर्यंत सगळं करून पाहिलं, तरी गेलं. आई घरी आली, पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून हुंदके देऊन रडली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, आधीच्या पाच मुलांच्या वेळीही नाही. मी घाबरून जवळ गेले.

"त्या वेळी मी नुसती भीत होते गं," ती म्हणाली. "त्या पोरांसाठी रडायचं राहूनच गेलं."

मग ती त्या पाचही घरांची नावं एकेक करून घेत रडत राहिली, आणि मी तिच्याजवळ बसून राहिले.